एक माणूस, अनेक निदानें

सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा सांपडला. लेख अपुरा होता. परंतु त्याच आज्ञेच्या प्रती गिरनारादि ठिकाणीं असल्यामुळें तो ओळखतां आला. मनुष्यस्वभावाची दुसरी प्रत मात्र कोठेंच नसते, आणि म्हणूनच स्वभावाच्या विकारांचें निदान करतांना वैद्यकाची फार ओढाताण झाली.

नालासोपारें २०१४ पर्यंत ज्या जिल्ह्यांत मोडत होतें, त्या ठाण्यास १९०१ सालीं वेड्यांचें इस्पितळ निघालें. १९१२ च्या कायद्याला मनुष्य वेडा आहे कीं नाहीं, एवढेंच ठरवावयाचें असे. ज्याची बुद्धि शाबूत, पण नातीं टिकत नाहींत व राग आवरत नाहीं, अशा माणसाला त्यांत जागा नव्हती. लोक त्याला तऱ्हेवाईक म्हणत आणि सोडून देत.

पुढें निराळीच अडचण उभी राहिली. जर्मनींत कुर्ट श्नायडर यांनीं १९२३ सालीं अशा स्वभावांचे दहा प्रकार पाडले. १९३८ सालीं न्यूयॉर्कच्या ॲडॉल्फ स्टर्न यांनीं ‘सीमावर्ती’ रुग्णांचें वर्णन केलें. त्याच वर्षीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत मनोरुग्णांसाठीं बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. १९८० सालीं अमेरिकन मानसोपचार संघटनेनें लक्षणें मोजून अकरा विकार ठरविले. पण त्यांच्या हद्दी एकमेकींत शिरल्या. सीमावर्ती विकारास पुढें नऊपैकीं पांच लक्षणें पुरेशीं मानलीं गेलीं. म्हणजे एकाच नांवाच्या दोन रुग्णांत एकच लक्षण समान असूं शके, आणि एकाच रुग्णाच्या कागदावर दोन-तीन नांवें पडत.

दोन निदानें असणें म्हणजे एका देहांत दोन माणसें वसणें नव्हे. तरीही प्रत्येक नवें नांव रुग्णाला नवा दोष वाटतें, आणि घरचीं माणसें धीर सोडतात. वस्तुतः दुःख एकच असतें. मार्शा लिनेहान यांनीं जिवावर उदार झालेल्या रुग्णांसाठीं उपचारपद्धति घडविली व १९९३ सालीं ती ग्रंथरूपानें मांडली. तरुणपणीं त्या स्वतः मनोरुग्णालयांत होत्या, हें त्यांनीं २०११ सालीं उघडपणें सांगितलें.

१ जानेवारी २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणांत बहुतेक जुनीं नांवें गेलीं. विकार एकच; तो सौम्य, मध्यम कीं तीव्र हें आधीं पाहावयाचें आणि मग स्वभावाचा कल नोंदवावयाचा. भारताच्या २०१७ च्या कायद्यानेंही उपचार हा रुग्णाचा हक्क मानला. आजचा नालासोपाऱ्याचा रुग्ण जुने कागद घेऊन दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हां त्यांवर तीन नांवें असतील. पण ऐकून घ्यावयाची हकीकत एकाच माणसाची असते.