डायलिसिस आणि बायकार्बोनेट
मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तातील आम्ल-आम्लारी समतोल डायलिसिसमध्ये (अपोहनात) मुख्यतः बायकार्बोनेटमुळे सावरला जातो. धमनीतील रक्ताचा सामू सामान्यतः ७.३५ ते ७.४५ असतो. चयापचयात रोज तयार होणारे आम्ल साचू लागले, की बायकार्बोनेट खर्ची पडते. हाडे व स्नायू झिजतात. डायलिसिसच्या द्रावणात बायकार्बोनेटचे प्रमाण रक्तापेक्षा अधिक ठेवलेले असल्याने ते पटलातून रक्तात शिरते. दोन सत्रांमधील काळात मात्र आम्ल पुन्हा साचते. सत्रापूर्वी ही पातळी साधारणतः लिटरमागे २२ मिलिमोलपेक्षा कमी नसावी, असे मानतात. ती अति वाढल्यास रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. पूर्वी द्रावणात ॲसिटेट वापरत. त्यामुळे रक्तदाब घसरणे, मळमळणे असे त्रास होत, म्हणून त्याची जागा बायकार्बोनेटने घेतली.