पेजेचा हौद आणि कामाचा हक्क

चेन्नईच्या जॉर्ज टाउनच्या उत्तर टोकाला स्टॅन्ली सरकारी रुग्णालय आहे. तिथले लोक त्याला ‘कंजी तोट्टी’ दवाखाना म्हणत आले. कंजी म्हणजे आपली पेज, तोट्टी म्हणजे हौद. हैदर अलीच्या स्वारीनंतर, १७८२ च्या दुष्काळात, त्या वेळच्या ब्लॅक टाउनच्या तटाबाहेर भुकेल्यांना पेज वाटली जाऊ लागली. ही मोनेगार चौल्ट्री. तिच्या नावातला ‘मणियक्कारर’ म्हणजे साधारण आपला गावचा पाटील. पुढे तिथेच दवाखाना निघाला.

सरकारने दिले की लोक आळशी होतात, हा वाद तुम्ही कट्ट्यावर घातला असेलच. मी शिकवतो इंजिनिअरिंग, पण निवडणूक आली की स्टाफरूममध्येही तोच विषय निघतो. ही भीती आजची नाही आणि एकदा तिची किंमत फार मोठी पडली.

रिचर्ड टेंपल यांनी १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे वाचवली. त्याबद्दल त्यांना शाबासकी नव्हे, उधळपट्टीचा ठपका मिळाला! १८७७ च्या जानेवारीत ते मद्रास इलाख्यात आले ते हात आखडूनच. दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी त्यांनी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी हरकत घेतली : एवढ्या अन्नावर मेहनतीचे शरीर टिकत नाही. मार्चमध्ये मद्रास सरकारने मजुरी थोडी वाढवली. त्या दुष्काळात ५० लाखांहून अधिक माणसे गेली.

मुंबई इलाख्यातही मजुरी कापली, तेव्हा मजुरांनी चक्क संप केला आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. ऐतखाऊ माणूस मजुरीसाठी संप करील का?

दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये खरी धास्ती बोलून दाखवली : दुष्काळात मदत हा गरिबांचा हक्क मानला, तर उद्या ते ती कायमच मागतील. म्हणजे मदत द्यायची, पण हक्क म्हणून नाही. मला वाटते, परावलंबन इथेच जन्मते. पेजेसाठी हौदापाशी उभा असलेला माणूस वाढणाऱ्याच्या मर्जीवर असतो, आणि ‘आज उशीर का?’ हे विचारायची त्याची छाती होत नाही.

वि. स. पागे यांनी नेमकी हीच गोष्ट उलटवली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला आणि २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमीचा कायदा लागू झाला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. तुमच्या घरच्या पगारपत्रकात तो आजही दिसेल. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

भत्ता मिळवताना लोकांच्या चपला झिजल्या, हेही खरे. हजेरीपटात खोटी नावे घुसली, मुकादमांनी हात मारले. पण ती चोरी होती, मजुरांचा आळस नव्हे. मजुरांचे म्हणाल, तर मृगाचा पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्या की रोजगार हमीच्या कामावरची गर्दी ओसरते. माणसे आपापल्या शेतात गेलेली असतात.