दाखला

मराठी बायबलात येशूच्या बोधकथेला ‘दाखला’ म्हणतात. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला. तहसील कचेरीत रांग लावून घेतो तोही दाखलाच, आणि इतिहास लिहिणाऱ्याकडे वाचक मागतो तोही. या तिन्ही अर्थांची गाठ पडलेली एक घटना नागपूरची आहे. ती कागदांवरून जशी जुळते तशी इथे मांडतो.

साल १८९३. नारायण वामन टिळक तेव्हा एकतीस वर्षांचे होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा जन्म, संस्कृतची उत्तम जाण, कवितेचा हात आणि एका ठिकाणी न टिकणारा पाय. नागपूरचे श्रीमंत गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. ‘ऋषी’ नावाचे धर्मविषयक मासिकही त्यांनी चालवले. पुढे नोकरीच्या शोधात त्यांनी राजनांदगाव संस्थानाची वाट धरली. कामठी, भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगड असा बंगाल-नागपूर रेल्वेचा दोनशे किलोमीटरांहून लांबचा रस्ता. डब्यात समोर एक युरोपीय गृहस्थ बसले होते. संस्कृत काव्यावर बोलणे निघाले, ते धर्मापर्यंत गेले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली, वाचण्याचे वचन घेतले आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले.

ही हकिकत स्वतः टिळकांनी सांगितली आहे. जे. सी. विन्स्लो यांच्या १९२३ सालच्या इंग्रजी चरित्रामुळे ती सर्वदूर गेली. सहप्रवाशाचे नाव टिळकांनी विचारले नव्हते. अर्नेस्ट वॉर्ड या फ्री मेथडिस्ट मिशनऱ्याचे नाव पुढे त्या जागी सांगितले जाऊ लागले. मला त्या नावापेक्षा भाकिताकडे सावधपणे पाहावेसे वाटते. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे भरतातच. पण हकिकत बाप्तिस्म्यानंतर सांगितलेली आहे. घडून गेल्यावर आठवलेले भाकीत नेहमीच अधिक नेमके असते. वचनाची गोष्ट मात्र मी निःशंक मान्य करतो, कारण तिला जोडून आलेला तपशील कोणी मुद्दाम रचणार नाही: पुस्तक त्यांना पहिल्यांदा आवडले नव्हते. शब्द दिला म्हणून, सवयीप्रमाणे हाती पेन्सिल घेऊन, खुणा करत ते वाचत गेले आणि मत्तयाच्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. ते तीन अध्याय सोडून उठणे त्यांना जमेना.

ते तीन अध्याय म्हणजे पाचवा, सहावा आणि सातवा. सुरुवातीलाच मीठ आणि दिवा येतात. दिवा लावून कोणी मापाखाली झाकत नाही, तो दिवठणीवर ठेवतात. आणि अगदी शेवटी दोन घरे बांधणाऱ्यांचा दाखला. एकाने खडकावर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. मत्तयाची लिहिण्याची रीत इथे बारकाईने पाहावी. पाऊस पडला, पूर आले, वारा सुटला, हे वर्णन तो दोन्ही घरांसाठी जवळपास त्याच शब्दांत पुन्हा लिहितो. शहाण्याच्या घरावर पाऊस कमी पडला असे कुठेही नाही. फरक एवढाच की पहिल्याने ऐकले आणि तसे केले, दुसऱ्याने नुसते ऐकले.

लूकच्या सहाव्या अध्यायात हाच दाखला थोडा वेगळा आहे. तिथे शहाणा माणूस खोल खणतो आणि मूर्ख पायाच न घेता नुसत्या मातीवर भिंत उभी करतो. नागपूरच्या माणसाला लूकचा पाठ जास्त कळावा. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. वरवर पाया घेतला तर दोन पावसाळ्यांत भिंतीला चीर जाते. म्हणून इथला गवंडी मुरूम लागेपर्यंत खणायला सांगतो. ते खणणे नंतर कोणाला दिसत नाही. पैसा मात्र तिथेच जातो.

पुराचाही इथे एक दाखला आहे. १८४५ साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी येथे शाळा काढली, विदर्भाच्या खडकांतले जीवाश्म अभ्यासले, गोंडांविषयी टिपणे केली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना, आजच्या बुटीबोरीजवळ, पावसाने चढलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली, आणि १८८३ साली सुरू झालेल्या कॉलेजला त्यांचेच नाव मिळाले. अठरा वर्षे शुभवर्तमान शिकवणाऱ्याला पुराने सोडले नाही. श्रद्धा म्हणजे संकटापासून विमा, असा या दाखल्याचा अर्थ करणाऱ्यांनी बोरीच्या ओढ्याकाठी एकदा उभे राहावे.

टिळकांच्या घरावरही पूर आला. मन वळल्यावरही दिवा काही काळ मापाखालीच होता. मुंबईचे मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार गुपचूप चाले. बाप्तिस्म्याने तो उघड झाला, आणि पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा मुलगा दत्तू त्यांच्यापासून तुटले. दुरावा काही वर्षे टिकला. या काळाची साक्ष लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि माझ्या मते तीच या प्रकरणातली सर्वांत वजनदार साक्ष आहे. ज्याच्या निर्णयाने पूर आला त्याची ती नाही. ज्या बाईच्या अंगावर तो आला, तिची आहे. ती नवऱ्यावर प्रेम करते, त्याच्यावर रागावते आणि त्याला कुठेही साधू करून ठेवत नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःच स्वतःला घातला आणि सोवळे सोडले. पुढे १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. आपल्याला कोणी ओढत नेले, असा सूर त्यात नाही.

‘त्याप्रमाणे करणे’ म्हणजे काय, याचा टिळकांचा अर्थ शेवटपर्यंत वाढत गेला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत आणि तो पूल त्यांनी मागे वळून कधी मोडला नाही. त्यांची भजने अभंगांच्या चालींत मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनमधल्या अनेकांना ते रुचले नाही. मला मात्र त्यात नागपूरच्या गाडीतला तोच माणूस दिसतो, शब्द दिला म्हणून न आवडलेले पुस्तक उघडणारा.

९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. येशूचे चरित्र ओव्यांत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतले आणि बहुतेक सगळे लिहून काढले. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या गेल्या. उरलेला शेवट दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ छापून आला.