हैदराबादची क्लोरोफॉर्म चौकशी आणि भुलेतले हृदय

ऑपरेशनची तारीख ठरली की सर्जन रुग्णाला 'फिटनेस'साठी आमच्यासारख्या फिजिशियनकडे पाठवतात. ईसीजी, रक्तदाब, साखर पाहून होते आणि मग, सातारा असो वा सांगली, नातेवाईक जरा आवाज खाली आणून विचारतात, "डॉक्टर, भुलेनं हार्टला काही होणार नाही ना?" याचे खरे उत्तर असे : सहसा नाही, अगदी क्वचित होऊ शकते, आणि त्यासाठी तयारी ठेवलेली असते. हे उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला साठ वर्षांहून अधिक काळ लागला. त्या शोधातला एक मोठा टप्पा इंग्लंड-अमेरिकेत नव्हे, तर निजामाच्या हैदराबादेत पार पडला. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, म्हणजे ही गोष्ट तशी आपल्या घरापासून फार लांबची नाही.

एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म वापरात आणले. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळच्या एका गावात हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीला पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म हुंगवले आणि काही मिनिटांत ती गेली. ऑपरेशन किती किरकोळ होते पाहा. मुलगी मात्र आधीपासून फार घाबरलेली होती. ही भीतीची बाब वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचाच संबंध येणार आहे.

असे मृत्यू पुढेही होत राहिले, थोडे पण न थांबणारे. त्यावर डॉक्टरांमध्ये दोन तट पडले. एक म्हणे, क्लोरोफॉर्म थेट हृदय बंद पाडते, म्हणून नाडीवर बोट ठेवा. दुसरा म्हणे, आधी श्वास थांबतो आणि हृदय त्याच्या मागून, म्हणून फक्त श्वासाकडे पाहा.

मग क्लोरोफॉर्म सोडून ईथर का वापरले नाही? आपल्याकडे याचे एक कारण हवामानात होते. ईथर सुमारे ३५ अंशांना उकळते आणि चटकन पेट घेते. सांगली-मिरजेकडे वैशाखात पारा त्याच्याही वर चढतो, आणि त्या काळी उजेड कंदिलाचा. क्लोरोफॉर्म ६१ अंशांच्या आसपास उकळते, पेटत नाही, आणि थोडेसे पुरते. म्हणून हिंदुस्थानात त्याचेच राज्य होते. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झाले, तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे श्वासवाल्या तटाचे, आणि कट्टर. आपल्या देखरेखीखाली हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिले, एकही दगावला नाही, असे ते सांगत. त्यांच्या आग्रहावरून सहावे निजाम महबूब अली खान यांनी १८८८ मध्ये चौकशी मंडळ नेमले. सव्वाशेहून जास्त कुत्र्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींना हवा तोच निघाला. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने शंका घेतली, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ केले आणि म्हटले, तुमचाच माणूस पाठवा. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादेत आले. येताना ते हृदयाला धोका आहे या मताचे होते. चारशेहून जास्त प्राण्यांवरच्या प्रयोगांनंतर त्यांनी मत बदलले आणि हृदयाला थेट धोका नाही, अशी तार लंडनला केली. (याच हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी यांची गणना जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये होते. त्यांचे नाव आपल्या डॉक्टरांनाही सहसा माहीत नसते.)

प्रयोग खोटे नव्हते. आधी श्वास थांबताना दिसला, तोच त्यांनी लिहिला. श्वासावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, ही त्यांची शिकवण आजही शंभर टक्के बरोबर आहे. अडचण विचारलेल्या प्रश्नात होती. तिथे मुख्य भर जास्त क्लोरोफॉर्म देऊन प्राणी कसा मरतो, हे पाहण्यावर होता. हॅनासारखी माणसे खोल भुलेत गेली नव्हती. ती भुलेच्या उंबरठ्यावरच गेली. शिवाय तेव्हा ईसीजी नव्हता. फिरत्या ढोलावर रक्तदाबाची आणि श्वासाची रेघ उमटे, हृदयातली वीज दिसत नसे. आणि जी गोष्ट हजारोंत एखाद्याला होते, ती चारशे प्राण्यांत दिसली नाही म्हणून ती नाहीच, असे ठरवता येत नाही. लॉरींची इथे घाई झाली, असे मला वाटते. नाडी पाहूच नका, हे सांगायची गरज नव्हती.

उलगडा १९११ मध्ये लंडनच्या ए. जी. लेव्ही यांनी केला. मांजरांना हलकीशी भूल देऊन त्यांनी थोडे अ‍ॅड्रिनलिन टोचले, आणि हृदयाचे ठोके जाऊन नुसती थरथर उरली. पिशवीत किडे वळवळावेत तसे हृदय हलते, पण रक्त पुढे ढकलले जात नाही. क्लोरोफॉर्म हृदयाच्या स्नायूला अ‍ॅड्रिनलिनबाबत हळवे करते. भीतीने, धडपडीने, अर्धवट भुलेत कापल्याच्या वेदनेने हेच अ‍ॅड्रिनलिन शरीर स्वतः सोडते. म्हणजे 'जपून, थोडेसेच देऊ' म्हणणारा डॉक्टर कधी कधी धोका वाढवत होता! ही थरथर विजेच्या झटक्याने थांबवणे माणसात पहिल्यांदा साधले ते १९४७ मध्ये, अमेरिकेत क्लॉड बेक यांना. तोपर्यंत असा रुग्ण परत येणे जवळजवळ अशक्यच होते.

क्लोरोफॉर्म मागे पडले. १९५६ पासून आलेल्या हॅलोथेनमध्ये हा दोष कमी प्रमाणात होता, आजच्या सेव्होफ्लुरेनमध्ये तो फारच कमी आहे. पण नवी औषधे आपापले विरळ दोष घेऊन आली. 'अर्धी भूल' म्हणून कमरेत देतात ते ब्युपिव्हॅकेन घ्या. मणक्यात ते दोन-चार मिलिलिटरच जाते. त्याने रक्तदाब आणि नाडी थोडी उतरते, ते औषधाने सावरता येते. हात किंवा पाय बधिर करायला मात्र ते जास्त लागते, आणि चुकून रक्तवाहिनीत गेले तर हृदयाला चिकटून बसते, लवकर सुटत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज ऑलब्राइट यांनी याकडे लक्ष वेधले. त्यावर उतारा सापडला तो शिरेतून देण्याच्या स्निग्ध द्रावणाचा : १९९८ मध्ये उंदरांवर, २००६ मध्ये माणसावर. दुधासारखी पांढरी ती बाटली ऑपरेशन थिएटरमध्ये हाताशी ठेवतात.

दात काढताना इंजेक्शननंतर छातीत धडधडले, असे बरेच जण सांगतात. त्या इंजेक्शनात रक्त कमी यावे म्हणून बहुधा अ‍ॅड्रिनलिन असते, त्याचा तो परिणाम. त्याला 'भुलेची अ‍ॅलर्जी' म्हणून घाबरू नका, पण भूलतज्ज्ञांना सांगा जरूर.

आणि लहान मुलगा असेल तर आणखी एक. स्कोलिन हे स्नायू क्षणात सैल करणारे औषध. ज्या मुलाला स्नायूंचा आनुवंशिक आजार आहे, पण अजून कळलेला नाही, त्याच्या रक्तात या औषधाने पोटॅशियम एकदम चढते आणि हृदय थांबू शकते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे ध्यानात आल्यावर मुलांमध्ये त्याचा सर्रास वापर थांबला. तो आजार आईकडून मुलाकडे येतो. म्हणून हर्नियासाठी आणलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या आईला भूलतज्ज्ञ विचारतात, "तुमचा कुणी भाऊ किंवा मावसभाऊ लहानपणीच चालायचा थांबला होता का? हा जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकवून उठतो का?"