केडगावचे मुक्तिसदन

गाव कसे वसते असे कुणी विचारले, तर आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र येते. नदीकाठची पांढरी, वतनदार पाटील, बारा बलुतेदार आणि मध्यभागी देऊळ. आज ज्या वसाहतीची हकीकत सांगायची आहे, तिला यांतले काहीच लाभले नाही. पाटील नव्हताच, आणि बलुतेदार म्हणाल तर बहुतेक साऱ्या बायका!

पुण्याहून रेल्वेने दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते. (नगरजवळचे केडगाव ते निराळे.) पंडिता रमाबाईंनी येथे सुमारे शंभर एकर जमीन विकत घेतली, ती वसाहतीसाठी नव्हे, फळबागेसाठी. त्यांचे विधवांसाठी काढलेले शारदासदन १८८९ मध्ये मुंबईस सुरू झाले व पुढच्याच वर्षी पुण्यास आले. त्याला दहा वर्षे मदत देण्याचे अमेरिकेतील मंडळींनी कबूल केले होते. ती मुदत सरल्यावर खर्च कशातून भागवायचा? संत्री, लिंबे, आंबे विकून, असा अगदी प्रपंची हिशेब होता.

तो हिशेब दुष्काळाने मोडला. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली. रमाबाईंना घरी बसवेना. आईवडील आणि थोरली बहीण त्यांनी अशाच दुष्काळाच्या दिवसांत गमावली होती. त्या तिकडे गेल्या आणि मुलींना, विधवांना गाडीत घालून घेऊन आल्या. पण पुण्यात प्लेगची धास्ती! सदनात नवी माणसे ठेवायला सरकारची मनाई झाली. मग या मुलींची रवानगी झाली केडगावच्या शेतावर, तात्पुरत्या निवाऱ्यात. १८९८ मध्ये तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या तोंडांना रोज दोन वेळा घालायचे म्हणजे काय, हे ज्याने लग्नाची एक पंगत उठवली आहे त्याला सांगायला नको. विहिरी खणल्या, गोठा, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना निघाला. काल अक्षरओळख नसलेली मुलगी आज खिळे जुळवू लागली. आंधळ्या मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमा ब्रेल लिपी शिकवी.

आता धर्माची गोष्ट. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून अनेक पालकांनी शारदासदनातून मुली काढून नेल्या. 'केसरी'ने तर सदनावर झोडच उठवली. केडगावात मात्र आडपडदा राहिला नाही. ती उघड ख्रिस्ती वसाहत होती. भुकेल्या पोरीपुढे भाकरीबरोबर धर्मही ठेवला, तर तिची निवड कितपत मोकळी म्हणायची? हा प्रश्न गैरवाजवी नाही. पण तो विचारणाऱ्यांनी हेही सांगावे, की त्या वेळी या मुलींसाठी दुसरी किती दारे उघडी होती? अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम १८९६ मध्ये नुकताच, अगदी लहान प्रमाणावर निघाला होता.

मनोरमा १९२१ मध्ये वारली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मराठीत उतरवलेले बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले, ते केडगावच्याच छापखान्यातून.