त्या कार्टूनमधलं गाणं आणि आपल्या जिल्ह्यातली 'एकी'

परवा एका गावात शाळेच्या स्नेहसंमेलनाला जायचा योग आला. पत्र्याच्या शेडखाली चौथीची लेकरं समूहगीत म्हणत होती. गाणं ओळखीचं होतं. दूरदर्शनवर लागणाऱ्या त्या कार्टूनमधलं, ज्यात पाखरं जाळ्यासकट उडून जातात. ओळी इथं लिहीत नाही, तुमच्यातल्या निम्म्यांना त्या पाठच असतील. शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी मान डोलावली आणि हळूच म्हणाले, "आपल्या समाजात अशी एकी पाहिजे बघा." मी काहीच बोललो नाही. पण तो 'आपल्या' शब्द घरी येईस्तोवर डोक्यात राहिला.

मंडळी, त्या कार्टूनचं नाव 'एक अनेक और एकता'. साल १९७४, लांबी जेमतेम सात मिनिटं, आणि काढलं फिल्म्स डिव्हिजननं, म्हणजे सरकारनं. दिग्दर्शक भीमसेन. त्यांचा जन्म मुलतानचा, फाळणीत कुटुंबाला गाव सोडून लखनौला यावं लागलं. ज्या माणसाचं गाव धर्माच्या नावानं सुटलं, त्यानं ही गोष्ट चितारली. संहिता विजया मुळे यांची. मुंबईत जन्मलेल्या या बाईंनी पुढं १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगासाठी खेड्यातल्या मुलांचे कार्यक्रम करण्याचं काम अंगावर घेतलं. (त्या प्रयोगात टीव्ही शेजारच्या विजापूर-गुलबर्ग्याच्या खेड्यांत पोचला. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता, त्यामुळं आपल्याला काही नाही. ही आपली जुनी सवय.) गाणं लिहिलं पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांनी. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतले, दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय उभं करणारे.

आणि संगीत वसंत देसाईंचं. इथं जरा थांबावं लागेल.

देसाई १९१२ चे, कुडाळकडचे. प्रभात कंपनीत पडेल ते काम करत शिकले, पुढं शांतारामबापूंबरोबर राजकमलमध्ये गेले. 'अमर भूपाळी' त्यांची, आचार्य अत्र्यांची 'श्यामची आई' त्यांचीच. 'दो आँखें बारह हाथ' आणि 'गुड्डी' या दोन सिनेमांतल्या त्यांच्या प्रार्थना बघा. पहिली कैद्यांच्या गोष्टीतली, दुसरी शाळकरी पोरीच्या. दोन्ही थिएटरमधून उठल्या आणि थेट शाळांच्या मैदानावर जाऊन उभ्या राहिल्या. कितीतरी लेकरांनी त्या सिनेमा न बघताच पाठ केल्या. हे सहज होत नसतं. शंभर पोरं एकदम गाणार असली तर पट्टी फार वर नेऊन चालत नाही, हरकती टाकून चालत नाही, श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते. ज्याला गाता येत नाही त्याचाही आवाज त्यात मुरून गेला पाहिजे. देसाईंना हे पक्कं माहीत होतं. आपल्या सप्ताहात चाल लावणाऱ्या बुवांनाही ते माहीत असतं, म्हणून तर मागं टाळ घेऊन उभा राहिलेला गडीसुद्धा सुरात वाटतो.

या कार्टूनमध्ये गाणारी एक मुलगी होती, तेव्हा पाचेक वर्षांची. साधना घाणेकर, कोकणातल्या दाभोळची. पुढं ती साधना सरगम झाली. आडनावाच्या जागी सरगम! आणि देसाई? डिसेंबर १९७५ मध्ये, म्हणजे फिल्मच्या दुसऱ्याच वर्षी, मुंबईत लिफ्टच्या अपघातात गेले. फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण आपल्याकडं घराघरात टीव्ही येऊन लेकरं ते गाणं गुणगुणायला लागली, ते बघायला चालीचा मालक नव्हता. आम्ही ते पाहिलं गल्लीतल्या एकुलत्या एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर, दारात चपलांचा ढीग लावून. कुणाची चप्पल कुणाच्या पायात गेली याचा हिशेब नंतर.

आता गोष्ट आठवा. दीदी लेकरांना सूर्य, चंद्र, तारे दाखवून 'एक' आणि 'अनेक' समजावते. मग पारध्याचं जाळं, त्यात अडकलेली पाखरं. सगळी मिळून जाळं घेऊन उडतात. आपल्याला इथवरच आठवतं, भाषणातही इथवरच येतं. पण जाळं तेव्हाही पायात असतंच की! ते सुटतं कधी? पाखरं उंदरांकडं जातात तेव्हा. उंदीर पाखरांच्या जातीचे नाहीत, त्यांना पंख नाहीत, जाळ्यात ते अडकलेलेही नाहीत. तरी तेच दात लावून दोऱ्या कुरतडतात. पंचतंत्रापासून चालत आलेली ही गोष्ट, आणि तिचा अर्धा जीव या उंदरांत आहे. म्हणून फिल्मच्या नावात 'एकता'च्या आधी 'अनेक' येतं.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्याआधीपासून साचलेलं त्यानंतर उघड्यावर आलं. कोणत्या दुकानातून माल घ्यायचा, कुणाच्या हॉटेलात चहा प्यायचा, इथपर्यंत आडनावं पोचली. २०२५ च्या सुरुवातीला बीडच्या पोलीस अधीक्षकांना सांगावं लागलं, की पोलिसांनी एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारावी, टेबलावरच्या पाटीवर अन् छातीवरच्या पट्टीवर आडनाव नको. उपाय मला आवडला. तो करावा लागला याची लाज वाटली.

या सगळ्या काळात जिल्ह्यात 'एकी' हा शब्द जितका ऐकला तितका आधी कधीच ऐकला नव्हता. प्रत्येक मेळाव्यात, प्रत्येक बॅनरवर. एक व्हा, एक राहा. प्रत्येक वेळी अर्थ एकच, आपापली पाखरं मोजून घ्या. उंदरांचं नावच नाही. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या बघा. दिवाळी झाली की सगळ्याच जातींची बिऱ्हाडं ट्रॅक्टरवर चढतात, मुकादमाची उचल सगळ्यांच्याच डोक्यावर असते. ते जाळं कुणाच्या एकट्याच्या पायात नाही.

फिल्मच्या शेवटी लेकरांचा हात झाडावरच्या आंब्याला पुरत नाही. मग ती एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढून तोडतात. कुणाचा पाय कुणाच्या खांद्यावर, हे तिथं कुणी विचारत नाही.

त्या शाळेत परवा दुसऱ्या रांगेतली एक पोरगी सगळ्यांच्या पुढं पळत होती, कडवं संपायच्या आधीच धृपदावर. गुरुजींनी डोळे वटारले. मग शेजारच्या पोरीनं तिचा हात धरला आणि दोघी इतरांच्या बरोबर आल्या. त्यांची आडनावं मला माहीत नाहीत.