पिंग्रीचा घोडा आणि मार्चअखेरचे अनुदान

गरिबांना बटाटे लावता यावेत म्हणून एखाद्या शहराच्या महापौराने स्वतःचा घोडा लिलावात विकला, असे कुणी सांगितले तर आपण ती पुराणातली गोष्ट समजू. ही गोष्ट मात्र १८९४ सालची, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातली आहे. महापौरांचे नाव हेझन पिंग्री. व्यवसाय जोडे तयार करण्याचा. कारखानदार असूनही गिरणी-कारखान्यांत न शोभणारी माणुसकी अंगी बाळगून असलेला हा गृहस्थ होता. तरुणपणी यादवी युद्धात लढलेला, शत्रूच्या कैदेत अँडरसनव्हिलच्या छावणीत उपासमार पाहिलेला. भूक म्हणजे काय हे त्याला अहवाल वाचून समजून घ्यावे लागले नाही.

या गोष्टीकडे मी वळलो तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. तो डेट्रॉइटजवळ मोटारीच्या कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी गावी आला तेव्हा त्याने फोटो दाखवले. मोडकी घरे, काचा फुटलेला कारखाना, आणि त्यांच्या मधोमध कोबीचे वाफे. मी म्हटले, "हे तुझे अमेरिका?" तो म्हणाला, "सर, हेही अमेरिकाच." मग त्या वाफ्यांच्या मागे लागून जे मिळेल ते वाचत गेलो. वाचताना सारखी आठवण होत होती ती आमच्याच शाळेच्या मागच्या एका गुंठाभर जागेची. तिच्याकडे नंतर येतो.

१८९३ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. डेट्रॉइटमध्ये पोलंड आणि जर्मनीहून आलेल्या मजुरांची वस्ती मोठी होती. इंग्रजी धड न बोलणाऱ्या या माणसांना काम देणार कोण? पिंग्रीच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. शहराच्या कडेला शेकडो एकर जमीन पडीक होती. भाव वाढतील म्हणून धनिकांनी ती घेऊन नुसती ठेवली होती. त्याने जमीनमालकांना आवाहन केले की, विकली जाईपर्यंत ही जमीन बेकार कुटुंबांना कसायला द्या. बी-बियाणे, नांगरणी यांसाठी पैसा हवा म्हणून चर्चमधून वर्गणी मागितली. ती इतकी तुटपुंजी जमली की पिंग्रीने आपला आवडता घोडा लिलावात काढला. वर्तमानपत्रांनी चिक्कार टिंगल केली. 'बटाटे-पिंग्री' हे नाव तेव्हापासून पडले.

या कामासाठी जी समिती नेमली तिचे प्रमुख लष्करातले एक कॅप्टन होते. त्यांचे नाव कॉर्नेलियस गार्डनर. म्हणजे आडनावच माळी. जून उजाडला होता, उशीर झालेला होता. तरीही सुमारे ४३० एकर जमिनीवर ९४५ कुटुंबांनी बटाटे, घेवडा, सलगम लावले. खर्च आला ३,६०० डॉलरच्या आसपास आणि पीक निघाले बारा ते चौदा हजार डॉलरचे. टिंगल करणारे गप्प झाले. पुढच्या वर्षी शहराने स्वतःच्या तिजोरीतून पैसे दिले. बफेलो, न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया अशा शहरांनी हाच कित्ता गिरवला. पडीक जागा, गरीब कुटुंब आणि सरकारी पैसा ही तीन टोके एकत्र बांधण्याचा हा मोठा प्रयोग होता.

मंदी सरली. जमिनीला पुन्हा भाव आला. पिंग्री १८९७ मध्ये मिशिगन राज्याचा गव्हर्नर होऊन गेला, मालकांनी जमिनी परत घेतल्या आणि बटाट्यांच्या जागी घरे उभी राहिली. कुटुंबांनी तीन-चार हंगामांत माती सुधारली होती; ती सुधारलेली माती घरांच्या पायाखाली गेली. मला या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे सव्वाशे वर्षे तोच पुनःपुन्हा घडत राहिला.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या शिक्षण खात्याने शाळकरी मुलांची 'शालेय बागसेना' उभारली. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी युद्धनिधीतून तिला पैसे दिले. मुलांना 'मातीचे सैनिक' म्हणत, त्यांना बिल्ले देत. लक्षावधी मुले तिच्यात होती. युद्ध १९१८ मध्ये संपले आणि १९१९ मध्ये सेनेचा निधीही संपला. (मुख्याध्यापक म्हणून मला राहून राहून वाटते, त्या शाळांच्या जडवस्तू-नोंदवहीत त्या फावड्यांचे पुढे काय दाखवले असेल?) १९३०च्या महामंदीत पुन्हा मदतबागा आल्या. दुसऱ्या महायुद्धात 'विजयबागां'ची लाट आली. सुमारे दोन कोटी बागा आणि देशातल्या ताज्या भाज्यांपैकी चाळीस टक्के भाजी त्यांतून, असा तेव्हाचा अंदाज होता. त्याच सुमारास, १९४३ मध्ये, आपल्याकडे इंग्रज सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली होती. युद्ध संपताच अमेरिकेतल्या विजयबागांवर पुन्हा गवत उगवले. संकट आले की सरकारला कुदळ आठवते, संकट गेले की विसरते. आणि प्रत्येक वेळी नवा अधिकारी येऊन पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो.

१९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. मोटारींचे हे शहर अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत गणले जाई. दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कामासाठी येथे आली होती. त्यांना कुठे घर घ्यायचे याचे स्वातंत्र्य नव्हते. १९३०च्या दशकात सरकारी कर्जसंस्थेने शहरांचे नकाशे काढून गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने रंगवल्या होत्या. लाल वस्तीला कर्ज मिळणे दुरापास्त, म्हणजे दुरुस्ती नाही, दुकान नाही. 'ब्लॅक बॉटम' नावाची त्यांची जुनी वस्ती तर महामार्गासाठी जमीनदोस्त करण्यात आली. त्या नावाचा मूळ संबंध तिथल्या काळ्या सुपीक मातीशी जोडतात, हे वाचल्यावर मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले.

पुढे कारखाने हलले, गोरे लोक उपनगरांत गेले. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६,३९,१११ राहिली. म्हणजे तीन माणसांपैकी दोन गेली. रिकाम्या जागा हजारोंनी पडल्या. चांगली भाजी मिळेल असे मोठे दुकान जवळ नाही, बसची सोय बेताची, अशा वस्त्यांत डबाबंद आणि तळलेले खाऊन दिवस काढायचे. 'सुविधांपासून वंचित' हा शब्द आपण सरकारी परिपत्रकांत वाचतो. त्याचा अर्थ एवढा साधा असतो की, पालक मिळायला दोन बस बदलाव्या लागतात.

शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर कोलमन यंग यांनी १९७५ साली एक योजना काढली. रिकाम्या जागेचा परवाना घ्या, शहर नांगरून देईल आणि बियाणे पुरवील. पिंग्रीची आठवण ठेवूनच हे झाले असावे असे मला वाटते. परवाने घेणाऱ्यांत म्हाताऱ्या माणसांचा भरणा मोठा होता. ती दक्षिणेतल्या शेतांतून आलेली. मोटारीच्या कारखान्यात तीस वर्षे घालवली तरी हातातली शेती गेली नव्हती. खते-बियाण्यांचे ज्ञान सरकारी कागदांत पाच वर्षांवर टिकत नाही. या आज्या-आजोबांच्या हातांत ते पन्नास वर्षे टिकले.

१९७६ साली ब्रुकलिनचे काँग्रेस-सदस्य फ्रेड रिचमंड यांच्या खटपटीने केंद्र सरकारने शहरी बागांसाठी पंधरा लाख डॉलर मंजूर केले. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट आणि ह्यूस्टन ही सहा शहरे निवडली गेली. पुढे ती संख्या तेवीसवर गेली. पण या अनुदानातली मेख पाहा. पैसा कृषी विस्तार सेवेच्या माणसांच्या पगारासाठी आणि शिकवणुकीसाठी होता; फावडी, कुंपण, बियाणे यांवर तो खर्च करता येत नव्हता. म्हणजे वाफा कसा करावा हे सांगायला साहेब येणार, पण वाफा करायला फावडे ज्याने त्याने आणायचे! १९९३ मध्ये हा स्वतंत्र निधीही थांबला. डेट्रॉइटची ती बियाणे-योजनाही पुढे २००० नंतरच्या काटकसरीत गेली.

न्यूयॉर्कमध्ये तर बागाच लिलावात निघाल्या. प्वेर्तोरिकोहून आलेल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांनी पडीक जागांवर छोट्या लाकडी खोपट्यांसह बागा केल्या होत्या. तिथे गावाकडची गाणी होत, मुलांच्या कानावर आजीची भाषा पडे. १९९९ मध्ये महापौर जुलियानी यांच्या प्रशासनाने ११४ बागा विकायला काढल्या. बेट मिडलर या गायिका-नटीच्या संस्थेने आणि एका भूमी-न्यासाने मिळून ४२ लाख डॉलर मोजून त्या वाचवल्या. आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्याला कळेल की तिथे पणाला काय लागले होते; प्रश्न केवळ टोमॅटोचा नव्हता.

आता आमच्या गुंठ्याकडे. मी तेव्हा ज्या शाळेत होतो ती गावाच्या कडेला, हमाल आणि बांधकाम मजुरांच्या वस्तीला लागून होती. एक वर्षी शालेय भाजीबागेसाठी अनुदान मंजूर झाल्याचे पत्र आले. पत्र आले मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा होता. झारी, खुरपी, पाइप, बियाण्यांची पाकिटे आणि योजनेच्या नावाचा रंगवलेला फलक एवढे सारे तीन आठवड्यांत घेतले. युटिलायझेशन सर्टिफिकेट वेळेत गेले, याचा मला त्या वेळी अभिमानच वाटला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुलांकडून मेथी पेरून घेत होतो, तेव्हा सातवीतल्या एका मुलीची आजी कुंपणाशी थांबून म्हणाली, "गुरुजी, चैताच्या उन्हात कुणी मेथी पेरतंय व्हय?" मी हसून वेळ मारून नेली. बोअरचे पाणी आठ दिवसांत आटले. मग सुट्टी लागली.

जूनमध्ये तीच आजी नातीबरोबर आली आणि तिने आम्हांला गवारी लावायला शिकवले. तिचे मराठी अर्धे कानडी. मुले हसत, पण ऐकत. त्या वर्षी चांगली भाजी निघाली. दुसऱ्या वर्षी निधी आला नाही, तरी बाग चालली. तिसऱ्या वर्षी त्या जागेवर जादा खोल्यांचे बांधकाम मंजूर झाले. खोल्या हव्याच होत्या. मीच अर्ज केला होता. तेव्हा यात दोष कुणाचा म्हणाल तर माझाही आहे. फलक मात्र अजून कोठीघरात आहे, रंग उडालेला नाही.

डेट्रॉइटच्या अलीकडच्या प्रकरणात मला ओढले ते याच कारणाने. २००६ साली तिथे कृष्णवर्णीय समाजाची एक अन्नसुरक्षा संस्था निघाली. तिचे अध्वर्यू मलिक याकिनी हे शाळेचे मुख्याध्यापक! रूज पार्क या सार्वजनिक उद्यानातली जमीन त्यांनी २००८ मध्ये शहराकडून वर्षाला एक डॉलर भाड्याने दहा वर्षांच्या कराराने घेतली. दोन एकरांवर सुरू झालेले 'डी-टाउन फार्म' पुढे सात एकरांवर गेले. त्यांचा आग्रह अनुदानापेक्षा जमिनीवर आणि निर्णयाच्या हक्कावर राहिला. अनुदान त्यांनी नाकारले नाही. पण बाग अनुदानाच्या वर्षांवर बेतली नाही. २०१३ मध्ये शहराने शहरी शेतीला नियमांत जागा दिली, २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संचालकपद निर्माण झाले आणि मे २०२४ मध्ये याच चळवळीतून सभासदांच्या मालकीचे किराणा-भाजीचे सहकारी दुकान उघडले. पहिल्या बागेपासून दुकानापर्यंत अठरा वर्षे लागली. कुठल्या मार्चअखेरीत हे बसले असते?

केंद्र सरकारला २०१८ च्या कृषी कायद्याने पुन्हा आठवण झाली. कृषी खात्यात शहरी शेतीचे स्वतंत्र कार्यालय झाले. २०२० मध्ये पहिली सुमारे तीस लाख डॉलरची अनुदाने वाटली; पाचशेहून अधिक अर्ज आले आणि दहा मंजूर झाले. अर्ज भरण्याचेच एक शास्त्र होऊन बसते आणि ज्याच्याकडे ते लिहिणारा पगारी माणूस आहे तो पुढे जातो, हे सांगायला अमेरिकेत जायला नको. तरीही अनुदान नकोच, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. ज्याच्याकडे पिढ्यान्पिढ्या काही नाही त्याला 'स्वावलंबी व्हा' असे सांगणे सोपे असते. पिंग्रीने तसे सांगितले नाही, घोडा विकला.

कानडीत म्हणतात, 'हित्तल गिड मद्दल्ल', परसातले झाड औषधाला चालत नाही. डेट्रॉइटचे इतके वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की, जवळच कोल्हापूरला श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'तून द्राक्ष बागायतदारांपासून गच्चीवर भाजी करणाऱ्या गृहिणीपर्यंत सगळ्यांना हेच शिकवले होते: ऊन, पालापाचोळा, थोडी माती आणि नोंदी ठेवण्याची सवय. गणिताचा हा प्राध्यापक २००१ मध्ये गेला. आमच्या वाचनालयात त्यांचे पुस्तक होते. त्यावर धूळ होती.

गेल्या जूनमध्ये सध्याच्या शाळेच्या गच्चीवर सिमेंटची अकरा रिकामी पोती पालापाचोळ्याने भरून ठेवली. खर्च बियाण्यांचा, तो शिक्षकांनी वाटून घेतला. कोथिंबीर पावसाने पार झोडपली. भेंडी बरी आली. दोडका कठड्यावरून खाली दहावीच्या खिडकीपर्यंत उतरला आणि त्याला दोडका म्हणायचे की हीरेकाई यावरून मुलांत वाद झाला. वाद मिटायच्या आत स्वयंपाकाच्या मावशींनी तो बिसिऊटाच्या सांबारात घातला.